घरात शिरलेला चोर ओळखायचा कसा?



आज सुरुवातीलाच एक काम सांगते. डावी बाही वर करा आणि दंडाकडे बघा. खांद्याच्या जरा खाली एक बारीकसा वण दिसतो का? पुष्कळ जणांना दिसेल. आईला विचारा, "हा कसला गं?" आई सांगेल, "तू जन्मलास तेव्हा लस टोचली होती, तिचा." काहींना वण उठतच नाही, त्यांनी घाबरायचं कारण नाही. हा वण लक्षात ठेवा. शेवटी आपण त्याच्याकडे परत येणार आहोत.

मधे एक गोष्ट सांगते. गोष्ट खरी आहे आणि तिच्यात तुमच्या या बाईंची एक चूकही आहे.

मी विचुंब्याला राहते आणि जवळच्याच एका शाळेत शिकवते. काही वर्षांपूर्वी माझ्या चौथीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचं नाव मी सांगणार नाही. ही गोष्ट लिहायला मात्र त्याची आणि त्याच्या आईची परवानगी घेतली आहे. त्या वर्षी घरोघरी तपासणीसाठी आशाताई आल्या. या मुलाच्या कोपराजवळ रुपयाएवढा फिकट चट्टा होता. ना खाज, ना दुखणं. त्यामुळे घरात कुणी लक्षच दिलं नव्हतं. आशाताईंनी त्याला आरोग्य केंद्रात न्यायला सांगितलं.

तिथे डॉक्टर म्हणाले, "डोळे मीट. मी पेनाचं टोक हळूच टेकवीन. जिथे लागेल तिथे बोट ठेव." मनगटावर टोक टेकलं, त्याने बरोबर बोट ठेवलं. दंडावर टेकलं, तिथेही बरोबर. मग चट्ट्यावर टेकलं. मुलगा डोळे मिटून वाट बघत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "लावा ना, डॉक्टर!"

तो कुष्ठरोग होता. अगदी सुरुवातीचा. सहा महिन्यांच्या गोळ्या मिळाल्या, त्याही फुकट. "शाळा बुडवू नको, खेळ, सगळ्यांबरोबर जेव," असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं.

पण एके दिवशी गोळ्यांचं पाकीट त्याच्या दप्तरातून बाहेर पडलं आणि बातमी पसरली. त्याच्या शेजारी बसणाऱ्या मुलीची आई शाळेच्या फाटकाशी आली. "बाई, माझ्या मुलीला त्याच्याजवळ बसवू नका." आणि मी काय केलं? मी मुलाला उचलून शेवटच्या बाकावर एकटं बसवलं. दोनच दिवस, असं मी मनाला समजावलं. दोनाचे चार झाले. खरं सांगू? त्याची वही तपासून झाल्यावर मी गुपचूप हातही धुतले होते.

पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला. बाकाबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याने विचारलं, "बाई, जंतू माझ्या अंगात शिरलाय ना? मग माझ्या अंगाला तो दिसत नाही का?"

मला उत्तर देता येईना. पांढऱ्या पेशी जंतूंना खातात, एवढं मी दरवर्षी फळ्यावर लिहीत होते. त्या खातात, तर मग हा जंतू राहिला कसा? मी पुस्तकं काढली, डॉक्टरांना विचारलं, बरंच वाचलं. त्या मुलाला जे सांगितलं तेच आज तुम्हाला सांगते.

आळशी पण चलाख पाहुणा

हा जंतू १८७३ साली नॉर्वे देशातल्या बर्गन गावी हॅन्सन नावाच्या डॉक्टरांनी सूक्ष्मदर्शकाखाली ओळखला. क्षयाचा जंतू कॉख यांनी शोधला तो १८८२ साली. हे दोन्ही जंतू एकाच कुळातले, चुलतभाऊच म्हणा ना! दोघांच्याही अंगावर मेणचट, जाड आवरण असते.

आपल्या आतड्यातला एखादा जंतू चांगलं खायला मिळालं तर वीस मिनिटांत एकाचे दोन होतो. कुष्ठरोगाच्या जंतूला एकाचे दोन व्हायला बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून तर रोगाची खूण दिसायला अनेक वर्षे जातात. शिवाय त्याची कितीतरी जनुके निकामी झाली आहेत. दुसऱ्याच्या घरात आयतं खाऊन खाऊन तो स्वतःचा संसार करायलाच विसरला आहे. त्यामुळे त्याला पेशीच्या आतच राहावं लागतं. प्रयोगशाळेच्या बशीत तो अजूनही कुणाला वाढवता आलेला नाही. अभ्यासासाठी शास्त्रज्ञ त्याला उंदराच्या पावलात किंवा आर्माडिलो नावाच्या खवलेदार पाठीच्या प्राण्यात वाढवतात.

जेवायला बसला आणि जेवणानेच घर बळकावलं

आता पांढऱ्या पेशींकडे येऊ. त्यांतल्या काही पेशी मोठ्या खादाड असतात. त्यांना आपण भक्षक पेशी म्हणू. पेशी जंतू खाते, ही कल्पना मेचनिकोव्ह या रशियन शास्त्रज्ञाला १८८२ साली सुचली. तारामाशाच्या काचेसारख्या पारदर्शक पिल्लाला त्याने बारीक काटे टोचले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी बघितलं. काट्याभोवती पेशी गोळा झाल्या होत्या! या कामासाठी त्याला १९०८ साली नोबेल पारितोषिक मिळालं.

भक्षक पेशी जंतूला गिळते तेव्हा तिच्या पोटात एक छोटी पिशवी तयार होते. जंतू त्या पिशवीत कोंडला जातो. मग पेशीतल्या दुसऱ्या पिशव्या येऊन तिला चिकटतात. त्यांच्यात जळजळीत पाचक रस असतो. वरच्या वर्गात गेलात की त्यांचं नाव तुमच्या पुस्तकात येईल, 'लयकारिका'. दोन पिशव्या एक झाल्या, रस ओतला गेला की जंतूचं पाणी पाणी!

पण आपला हा मेणचट पाहुणा काय करतो? तो दुसरी पिशवी पहिलीला चिकटूच देत नाही. जणू आतून कडी लावून बसतो. रस बाहेर, जंतू आत सुरक्षित. ज्याने खायचं त्याच्याच पोटात बिऱ्हाड! रक्तात फिरणारी प्रतिपिंडे पेशीच्या भिंतीबाहेरच असतात, ती त्याला धरू शकत नाहीत. गस्तवाला रस्त्यावर आणि चोर माजघरात, अशी गत.

तरीही चोर सापडतो, तो कसा?

म्हणजे मुलाचा प्रश्न अगदी बरोबर होता. अंगाला तो दिसतो का? दिसतो. त्याच्या तीन तऱ्हा मी तुम्हाला सांगते.

पहिली तऱ्हा, हाताला लागणे. अंधारात घरात शिरल्यावर हाताला काही वेगळं लागलं की आपण दचकतो ना? पेशीच्या बाहेर आणि आतही असे चाचपणारे रेणू असतात. जंतूच्या भिंतीतले काही पदार्थ आपल्या शरीरात कुठेच नसतात. ते या रेणूंना लागले की पेशीला कळते, हे आपलं नाही. लगेच ती रासायनिक निरोप धाडू लागते.

दुसरी तऱ्हा, फाटलेली गोणी. रस्त्यात तांदूळ सांडलेले दिसले तर आपण काय ओळखतो? कुठेतरी गोणी फाटली. पेशीतल्या पिशवीच्या आतल्या बाजूला काही साखरेचे रेणू असतात. ते नेहमी आतच राहतात. काही जंतू पिशवीला भोकं पाडतात, मग त्या साखरा बाहेर दिसू लागतात. पेशीला जंतू दिसला नसला तरी फाटलेली पिशवी दिसते. ती त्या जागी खुणेच्या चिठ्ठ्या चिकटवते आणि नवं पातळ आवरण विणून पिशवीसकट जंतूला गुंडाळते. गाठोडं थेट लयकारिकेकडे! आपल्याच आतला टाकाऊ माल असा गुंडाळून जिरवायची ही रीत पेशी रोजच वापरतात. तिचं नाव ऑटोफॅजी. जपानच्या ओसुमी यांनी यीस्टच्या पेशींवर काम करून तिचं गणित उलगडलं. त्यासाठी त्यांना २०१६ साली नोबेल मिळालं.

तिसरी तऱ्हा मला सगळ्यांत आवडते. असं समजा, एका गावात नियम आहे. प्रत्येक घराने आज आत जे जे शिजलं त्याचा घासभर नमुना ओटीवर ठेवायचा. गावचा रखवालदार कुणाच्या घरात शिरत नाही. तो ओट्या बघत जातो. इथे भात, इथे कालवण, इथे भाकरी... ठीक, ठीक, ठीक. आणि एका ओटीवर त्याला गावात कधीच शिजत नाही असा पदार्थ दिसतो. झालं! या घरात कुणी परका आहे.

आपल्या पेशी अगदी हेच करतात. आतल्या प्रथिनांचे बारीक तुकडे त्या पृष्ठभागावर मांडून ठेवतात. हे तुकडे वाचत फिरणाऱ्या रखवालदारांचं नाव टी पेशी. टी पेशी परका तुकडा कसा ओळखतात याचा महत्त्वाचा शोध डोहर्टी आणि झिंकरनागेल यांनी ऑस्ट्रेलियात लावला. त्यांना १९९६ साली नोबेल मिळालं.

रखवालदार काय करतो?

दोन प्रकारचे रखवालदार ध्यानात ठेवा. एखाद्या साध्या पेशीत विषाणू घुसून भराभर वाढत असेल, तर मारक टी पेशी त्या पेशीलाच संपायला लावते. घर गेलं, पण चोरही गेला आणि गाव वाचलं. भक्षक पेशीच्या पोटात जंतू लपला असेल, तर मदतनीस टी पेशी तिला एक खास निरोप देते. त्याला इंटरफेरॉन म्हणतात. निरोप मिळाला की त्या भक्षक पेशीत बळ येतं. ती पिशवीची कडी उघडवते, लयकारिका जोडते, जंतूवर विषारी वायूचा माराही करते. कालपर्यंत बिऱ्हाडाला ठेवलेल्या पाहुण्याची आज हकालपट्टी!

म्हणूनच शंभरातल्या साधारण ९५ लोकांना कुष्ठरोग होतच नाही. जंतू नाकावाटे आत आला तरी त्यांचं शरीर त्याला ओळखून निकाल लावतं, आणि त्या माणसाला पत्ताही लागत नाही.

बाबा आमटे तुम्हाला ठाऊक आहेत. वरोऱ्याजवळ आनंदवन उभारणारे. तुळशीराम नावाच्या एका रुग्णाला पाहून ते आधी घाबरून पळाले होते. मग आपल्याच भीतीची त्यांना लाज वाटली आणि ते परत गेले, त्याची सेवा केली. पुढे कोलकात्यात या रोगाचं शिक्षण घेताना त्यांनी प्रयोगासाठी स्वतःच्या शरीरात कुष्ठरोगाचे जंतू टोचून घेतले, असं त्यांच्या चरित्रात सांगितलं जातं. जंतू बशीत वाढत नाही, मग माणसाच्या अंगात वाढतो का ते बघायचं होतं. बाबांना रोग झालाच नाही. आता तुम्ही सांगा पाहू, त्यांच्या शरीरात काय घडलं असेल? बरोबर! ओटीवरचा नमुना कुणीतरी वाचला.

मग चट्टा का उठतो?

शंभरातले ते उरलेले थोडे लोक, त्यांचं काय? काहींच्या टी पेशी जंतूला जोरात ओळखतात, पण लढाई जरा लांबते. मग एकदोन चट्टे उठतात आणि त्यांत जंतू फारच थोडे असतात. काहींच्या टी पेशींना हा जंतू नीट ओळखता येत नाही. त्यांच्या अंगात जंतू पुष्कळ पसरतात. जंतू एकच, रूपं मात्र दोन! हा कुणाचा दोष नाही आणि कुठल्या पापाचं फळ तर मुळीच नाही. दोघांनाही औषध लागू पडतं. एकाला सहा महिने, दुसऱ्याला बारा महिने.

चट्ट्याला स्पर्श का कळत नाही? कारण या जंतूला थंडावा आवडतो. तो त्वचेत आणि त्वचेजवळच्या नसांच्या आवरणात घर करतो. लढाई तिथेच जुंपते, सूज येते आणि नस दुखावते. हाताला चटका कळेनासा झाला की माणूस गरम तवा धरतो, पायात काटा मोडला तरी चालत राहतो. जखमा चिघळतात. बोटं जातात ती अशा जखमांनी. जंतू बोटं खात नाही आणि ती आपोआप झडतही नाहीत. लवकर औषध घेतलं तर यातलं काही होत नाही.

हे सगळं समजल्यावर मी त्या मुलाला उत्तर दिलं. "अरे, तुझ्या अंगाने त्याला ओळखलंय! हा चट्टा म्हणजे चोर सापडल्याची खूण आहे. तुझे रखवालदार लढतायत. गोळ्या त्यांच्या मदतीला धावून आल्यात."

तो थोडा वेळ चट्ट्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "म्हणजे मी पुढे बसू?"

मला खूप लाज वाटली. त्याच्या अंगातल्या एवढ्याशा पेशीने परका कोण आणि आपला कोण हे बरोबर ओळखलं होतं. मी मात्र आपल्यालाच परकं ठरवून मागच्या बाकावर बसवलं होतं.

त्या दिवशी मी वर्गाला ओटीची गोष्ट सांगितली आणि स्वतःची चूकही सांगितली. औषध सुरू झालं की पहिल्या काही मात्रांतच जवळजवळ सगळे जंतू मरतात, मग त्या माणसापासून रोग पसरत नाही, हेही सांगितलं. मुलगा आपल्या जागी परत आला. शेजारच्या मुलीने दप्तर सरकवून जागा केली आणि त्याला खोडरबर मागितलं. जणू काही झालंच नव्हतं! तिची आई मात्र लगेच मानली नाही. मी तिला दोनदा भेटले, मग आरोग्य केंद्रात डॉक्टरांकडे घेऊन गेले. तिसऱ्या आठवड्यात ती फाटकाशी दिसली तेव्हा काही बोलली नाही, नुसती हसली. मला तेवढं पुरे होतं.

सहा महिने पुरे झाले तेव्हा त्या मुलाने गोळ्यांचं शेवटचं रिकामं पाकीट मला आणून दाखवलं. आता तो मोठ्या शाळेत आहे आणि गोलंदाजी छान करतो.

आमच्या पनवेलहून नेऱ्याकडे जाल तर तिथे 'शांतिवन' आहे. ज्या काळी घरचे लोक कुष्ठरुग्णांना दाराबाहेर काढत, त्या काळी अशा लोकांना आसरा आणि काम देण्यासाठी ही संस्था उभी राहिली. मुंबईत वडाळ्याचं अ‍ॅकवर्थ रुग्णालय तर १८९० सालचं. तेव्हा या रोगावर खात्रीचं औषध नव्हतं, म्हणून रुग्णांना वेगळं ठेवत. तीन औषधांचा एकत्र उपचार जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली सुचवला आणि चित्रच पालटलं. रुग्णांना वेगळं कोंडण्याचा १८९८ सालचा जुना कायदा आपल्या देशाने २०१६ साली रद्द केला. कायदा रद्द झाला, आता मागचा बाक रद्द करायचं काम आपलं.

आता तो वण!

डाव्या दंडावरचा वण आठवतो ना? ती बीसीजीची लस. फ्रान्समधल्या काल्मेत आणि गेरँ या दोघांनी ती तयार केली. १९२१ साली ती पहिल्यांदा एका बाळाला दिली गेली. तिच्यात क्षयाच्या जंतूचा एक दुबळा केलेला नातलग असतो. तुम्ही जन्मलात तेव्हाच तुमच्या रखवालदारांना त्याचा नमुना दाखवून ठेवला, "हा चेहरा लक्षात ठेवा!" लहान मुलांना क्षयाच्या भयंकर प्रकारांपासून ती वाचवते. आणि चुलतभावाचा चेहरा मिळताजुळता असल्यामुळे कुष्ठरोगापासूनही काही प्रमाणात बचाव करते. गंमत आहे की नाही?

करून पाहा

घरी एक खेळ खेळा. भावाला किंवा मैत्रिणीला डोळे मिटायला सांगा. कापसाचं टोक हातावर हळूच टेकवा आणि कुठे लागलं ते बोटाने दाखवायला सांगा. बोटाच्या टोकाला पटकन कळतं की पाठीला? लिहून ठेवा.

आईबाबांसाठी चार ओळी

अंगावरचा प्रत्येक फिकट डाग कुष्ठरोगाचा नसतो. कोड वेगळं, गजकर्ण वेगळं. पण फिकट किंवा लालसर चट्टा असेल आणि तिथे स्पर्श कळत नसेल, तर तो लपवू नका. सरकारी आरोग्य केंद्रात दाखवा, तपासणी आणि औषध दोन्ही मोफत आहेत. आणि मुलाच्या वर्गात असं कुणी असलं, तर फाटकाशी येऊन बाक बदलायला सांगण्याआधी एकदा डॉक्टरांना विचारा. आम्हा शिक्षकांनाही तेच सांगायचं आहे, मला तर सगळ्यांत आधी.

बरं तर मुलांनो, पुढच्या आठवड्यात भेटू. तोवर बाही खाली करा आणि रखवालदारांना झोपू द्या. म्हणजे तुम्ही लवकर झोपा!

तुमच्या बाई